दरवर्षी डीएपी टाकतो, मग रिपोर्टला स्फुरद कमी कसं?

(डीएपी म्हणजे नत्र आणि स्फुरद असलेलं दाणेदार खत, आणि स्फुरद म्हणजे फॉस्फरस.) पत्र असं आलंय:

"भाऊ नमस्कार. पारोळा तालुक्यातून लिहितेय. मिस्टर सुरतला कंपनीत आहेत, शेती मी आणि सासरे मिळून बघतो. पाच एकर आहे. तीन एकर वरचं रान कोरडवाहू, थोडं उताराचं, पांढरे खडे निघतात, तिथं कपाशी. दोन एकर विहिरीजवळचं काळं, ठिबक आहे, तिथं रब्बीला मका. यंदा पहिल्यांदा माती तपासली. वरच्या रानाचा पीएच ८.३, चुनखडी ९ टक्के, सेंद्रिय कर्ब ०.३८, स्फुरद हेक्टरी ११ किलो आणि पुढं 'कमी' लिहिलंय. खालच्या रानाचा पीएच ८.०, स्फुरद ३८ म्हणजे 'अत्यंत जास्त', आणि जस्त ०.४ 'कमी'. आम्ही तर वर्षानुवर्षं दोन्हीकडे डीएपी टाकतो, वर एकरी एक बॅग, खाली मक्याला एकरी दोन. मग वरचं गेलं कुठं? दुकानदार म्हणतो जमिनीत लॉक झालंय, एक लिक्विड देतो, त्यानं लॉक खुलेल. थंडीत मका जांभळा पडतो तर म्हणतो स्फुरदच कमी पडलं, १२:६१ हे स्फुरदाचं खत ठिबकनं सोडा. आप्पा म्हणजे सासरे म्हणतात डीएपीशिवाय कपाशी उठतच नाही. यंदा तर डीएपी मिळायलाच मारामार, दोन तास लाईनीत उभी राहिले आणि वरून नको ती बाटली गळ्यात मारली. काय करू?"

ताई, सगळ्यात आधी एक सांगतो, तुम्ही दोन रानांचे दोन नमुने वेगवेगळे दिले हे फार चांगलं केलं. बरेच जण पाच एकराची माती एका पिशवीत भरून देतात, मग रिपोर्टला 'मध्यम' येतं आणि दोन्ही रानांना चुकीचं खत पडतं. तुमच्याकडे दोन आकडे आहेत आणि दोन्हींची उत्तरं अगदी उलटी आहेत. वरच्या रानात खताची मात्रा तेवढीच ठेवायची पण टाकायची जागा बदलायची, आणि खालच्या रानात डीएपी सरळ कमी करून तो पैसा जस्ताला लावायचा. लिक्विड दोन्हीकडे नको. आता का ते नीट सांगतो, कारण आप्पांना पटवायचं तर तुमच्याकडे कारण पाहिजे.

वरचं स्फुरद गेलं कुठं? बहुतेक कुठंच गेलं नाही, तिथंच आहे. आपली खान्देशची जमीन काळ्या पाषाणाची, बेसाल्टची झीज होऊन झालेली, तिच्यात कॅल्शियम भरपूर, आणि वरच्या हलक्या रानात तर मोकळी चुनखडी खड्याच्या रूपात डोळ्याला दिसते. डीएपीचा दाणा ओलीत विरघळला की त्यातलं स्फुरद आजूबाजूच्या कॅल्शियमला धरतं आणि कॅल्शियम फॉस्फेट तयार होतं. सुरुवातीला ते बऱ्यापैकी विरघळणारं असतं, मुळाला त्यातलं मिळतं, पण जसजसे आठवडे महिने जातात तसतसं ते जास्त जास्त घट्ट होत जातं आणि मातीच्या पाण्यात फार कमी उतरतं. म्हणून ज्या वर्षी स्फुरद टाकलं त्या वर्षी पिकाला त्यातलं साधारण १५-२० टक्केच मिळतं असं धरतात. उरलेलं वाया गेलं असं मात्र नाही हं, ते पुढच्या पिकांना थोडं थोडं सुटत राहतं. पण चुनखडीच्या रानात हे सुटणं फार सावकाश.

घरच्या घरी बघायचं असेल तर एक करा. बाथरूम धुवायचं ॲसिड असतं ना, त्याचे दोन-चार थेंब वरच्या रानातल्या ढेकळावर टाका, लांबून टाका, हातावर आणि डोळ्यात उडू देऊ नका. ढेकूळ चर्र करून फसफसेल. खालच्या रानातलं ढेकूळ त्यामानानं बरंच कमी फसफसेल. ते बुडबुडे म्हणजे चुनखडी ॲसिडनं विरघळतेय. आप्पांना समोर उभं करून दाखवा, रिपोर्टवरच्या ९ टक्क्यापेक्षा हे जास्त पटतं.

आता त्या लिक्विडचा हिशोब करू. एक एकराची वरची १५ सेंटीमीटर माती म्हणजे अंदाजे ९ लाख किलो. त्यातली ९ टक्के चुनखडी म्हणजे ८१ हजार किलो, ८१ टन. एवढी चुनखडी संपवून पीएच खाली आणायचा तर रसायनशास्त्राच्या हिशोबानं एकरी जवळजवळ २६ टन गंधक लागेल. २६ टन! मग एक लिटर बाटलीनं एकराचं लॉक कसं खुलणार, तुम्हीच सांगा. अशा बाटल्यांमध्ये कधी ह्युमिक असतं, कधी सौम्य ॲसिड असतं, कधी स्फुरद विरघळवणारे जिवाणू असतात. यातले जिवाणू, म्हणजे पीएसबी, ही खरी कामाची गोष्ट आहे, त्यांच्याबद्दल पुढं सांगतो, पण ते कृषी विद्यापीठात नाहीतर चांगल्या लॅबकडे थोड्या पैशात मिळतात, त्यासाठी महागडं लेबल लागत नाही. सगळ्या जमिनीचा पीएच बदलणं आपल्या हातात नाही ताई. आपल्या हातात आहे ती मुळाजवळची दोन इंच माती, आणि स्फुरदाचा सगळा खेळ तेवढ्यातच चालतो.

रिपोर्टच्या आकड्याबद्दल पण बोलून घेऊ, कारण ११ किलो म्हणजे जमिनीत फक्त ११ किलो स्फुरद आहे असं समजू नका. एकूण स्फुरद हेक्टरी शेकडो किलो असतं. लॅबमध्ये आपल्या चुनखडीच्या जमिनीसाठी ऑल्सेन पद्धत वापरतात, १९५४ पासूनची आहे, त्यात सोड्याच्या पाण्यानं माती हलवून जेवढं स्फुरद निघतं तेवढं मोजतात. ते पिकाला सहज मिळणाऱ्या भागाचा अंदाज देतं, बस. कोकणातल्या आंबट जमिनीला ब्रे नावाची वेगळी पद्धत असते, ती आपल्याकडे लावली तर आकडा चुकतो. तर रिपोर्टवर ऑल्सेन लिहिलंय का बघा. आणि अजून एक बघा, बऱ्याच जणांचा इथं घोटाळा होतो: आकडा नुसत्या फॉस्फरसचा आहे का पी-टू-ओ-फाइव्हचा, म्हणजे ऑक्सिजनसकट मोजलेल्या फॉस्फरसचा. खताच्या बॅगवरचा आकडा कायम पी-टू-ओ-फाइव्हमध्ये असतो. फॉस्फरसला २.२९ नं गुणलं की पी-टू-ओ-फाइव्ह येतं, म्हणजे तुमचे ११ किलो फॉस्फरस असतील तर ते २५ किलो पी-टू-ओ-फाइव्ह होतात. आपल्याकडच्या सहा पायऱ्यांच्या तक्त्यात ७ ते १४ किलो फॉस्फरस म्हणजे 'कमी' आणि ३५ च्या वर 'अत्यंत जास्त', तुमच्या रिपोर्टवरचे शेरे त्याला जुळतात, म्हणजे तुमचा आकडा फॉस्फरसचाच आहे.

वरच्या रानात एक गळती मात्र खरी आहे, ती म्हणजे उतार. स्फुरद पाण्यात विरघळून खाली जात नाही फारसं, ते मातीच्या बारीक कणांना धरून बसतं, आणि पहिल्या जोरदार पावसात गढूळ पाणी बांधावरून नाल्यात जातं ना, त्याच्याबरोबर ते जातं. डीएपी वर फेकून दिलेलं असेल तर अजून जास्त जातं. म्हणून उताराला आडवी पेरणी, आडवी कोळपणी, आणि बांध फुटलेला असेल तर मृगाच्या आधी नीट करणं हे पण स्फुरदाचंच काम आहे असं समजा. याला खर्च नाही, अंगमेहनत आहे फक्त.

आता मुद्द्याची गोष्ट, खत टाकायची जागा. पत्रात लिहिलं नाही तुम्ही, पण आपल्याकडे बहुतेक जण कपाशी उगवून आली की पंधरा-वीस दिवसांनी बुडाशी वरून डीएपी टाकतात, नाहीतर कोळप्याच्या आधी फेकतात. युरियाला हे चालतं, कारण नत्र हे पंगतीतल्या वाढप्यासारखं आहे, पाण्याबरोबर चालत मुळाच्या पानापर्यंत येतं. स्फुरद तसं नाही. ते जिथं पडलं तिथंच बसून राहतं, अख्ख्या हंगामात मातीतून काही मिलिमीटरच सरकतं. मुळालाच त्याच्याकडे जावं लागतं. आणि वर टाकलेलं खत असतं वरच्या एक इंचात, जो कोरडवाहू रानात पाऊस उघडला की चार दिवसात कोरडा ठाक होतो, मूळ तिथं काम करतच नाही.

हे स्वतःच्या डोळ्यानं बघा. कपाशी २५ दिवसांची झाली की एक झाड हिसका देऊन उपटू नका, खुरपीनं बाजूनं हळू माती काढत काढत जा. सोटमूळ सरळ वीतभर, कधी त्याच्याही खाली गेलेलं दिसेल, बाजूची बारीक पांढरी मुळं दोन-अडीच इंचाच्या खाली सुरू झालेली दिसतील. आणि वर, वाळलेल्या पापुद्र्यात, तुमच्या डीएपीचे राखाडी दाणे सापडतील, काही तर बोटानं चुरगाळता येतील असे पोकळ झालेले, पण मुळापासून दोन बोटं लांब. १३५० रुपयाची बॅग तिथं पडलेली असते ताई.

म्हणून वरच्या रानात असं करा. सगळं स्फुरद सरकी लावायच्या वेळीच द्यायचं, नंतर काही नाही. ओळ मारताना सरकीच्या जागेपासून दोन इंच बाजूला आणि दोन इंच खाली, म्हणजे जमिनीच्या तोंडापासून साधारण चार इंच खोल खत पडलं पाहिजे. खत पेरायचं यंत्र गावात असेल तर उत्तम, नसेल तर बैलांनी नाहीतर हातकोळप्यानं हलकी सरी फाडून त्यात खत सोडायचं, माती लोटायची आणि बाजूला टोकण करायची. बियाला चिकटवून मात्र डीएपी टाकू नका. आपल्या जास्त पीएचच्या जमिनीत डीएपीतून अमोनिया सुटतो, कोंब जळतो, आणि मग बियाणं बोगस निघालं म्हणून आपण ओरडत बसतो.

आणि शक्य असेल तर वरच्या रानात डीएपीच नको, सिंगल सुपर फॉस्फेट, म्हणजे आपलं सुपर घ्या. तुमचा लाईनीचा प्रश्न पण यातच सुटतो. हिशोब बघा. डीएपीच्या ५० किलोत ४६ टक्क्यानं २३ किलो स्फुरद. सुपरमध्ये १६ टक्के, म्हणजे तीन बॅगांत २४ किलो. झालं बरोबरीला. डीएपीबरोबर जे ९ किलो नत्र येतं ते सुपरमध्ये नाही, त्यासाठी २० किलो युरिया वेगळा धरा. पण सुपरच्या तीन बॅगांबरोबर साधारण १६ किलो गंधक फुकटात येतं, जे डीएपीत नाही, आणि सेंद्रिय कर्ब ०.३८ असलेल्या रानात गंधकाची पण ओढाताण असतेच. शिवाय सुपरचा दाणा विरघळताना त्याच्या भोवतीची ओल चांगलीच आंबट होते, डीएपीच्या भोवतीची उलट आठच्या आसपास जाते. चुनखडी लगेच तो आंबटपणा मारते हे खरं, पण मुळाजवळ पट्ट्यात टाकलं तर तेवढ्या वेळाचा फायदा मिळतो. एकच त्रास, एक बॅग वाहायची तिथं तीन वाहाव्या लागतात. सुपर घेताना पक्कं बिल घ्या, नावाजलेल्या कंपनीचं आणि दाणेदार घ्या, आणि युरियात आदल्या दिवशी मिसळून ठेवू नका, पाणी सुटून चिखल होतो.

सुपर एकटं टाकू नका, शेणखतात मुरवून टाका. तीन बॅग सुपरला पाच-सहा क्विंटल चांगलं कुजलेलं, चाळलेलं शेणखत घ्या, सावलीत थर द्या, थोडं पाणी शिंपडा, वर गोणपाट टाका आणि दोन-तीन आठवडे मुरू द्या. शेणखतातली सेंद्रिय आम्लं कॅल्शियमला धरून ठेवतात, मग स्फुरद लगेच घट्ट होत नाही. याच मिश्रणात टाकायच्या दोन दिवस आधी एकरी दोन किलो पीएसबी मिसळा. बियाला चोळायचं सगळीकडे सांगतात, पण कपाशीचं पाकीट तर रंगीत औषध लावूनच येतं, त्या औषधात जिवाणू किती टिकणार, म्हणून खतातच मिसळा. हे जिवाणू आम्ल सोडून थोडं थोडं स्फुरद मोकळं करतात. चमत्कार नाही, रिपोर्टचा आकडा एका वर्षात दुप्पट होणार नाही, पण जिथं शेणखत असतं, ओल असते, तिथं ते काम करतात. कोरड्या, कर्ब नसलेल्या मातीत टाकले तर उपाशी मरतात.

मोजमाप सांगतो. ओळी चार फुटावर असतील तर एकरात सगळ्या ओळी मिळून साधारण ३३०० मीटर होतात, म्हणजे मीटरमागे ४५ ग्रॅम सुपर, शेणखतासकट सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास. एकदा घरच्या काट्यावर मोजून कुठल्या डब्यात किती बसतं ते बघून घ्या आणि बाईमाणसांना तोच डबा द्या, म्हणजे एका ओळीला ढीग आणि दुसरीला चिमूट असं होणार नाही. 'कमी' शेरा असेल तर शिफारशीच्या सव्वापट स्फुरद द्यावं असं तक्ता सांगतो, पण तुम्ही आतापर्यंत वरून टाकत असाल तर आधी हेच एक बॅग डीएपीएवढं स्फुरद बरोबर जागी टाकून बघा, मात्रा वाढवायची घाई नको.

अजून एक, पऱ्हाट्या जाळू नका. उपटून बांधावर पेटवून देतात लोकं, वाईट वाटतं बघून. कुट्टी करून रानात गेली तर कर्ब पण वाढतो आणि झाडानं खालच्या थरातून ओढून आणलेलं स्फुरद, पालाश वरच्या मातीत परत येतं. बोंडअळीच्या भीतीनं जाळत असाल तर कुट्टी लवकर, वेळेत करा, आणि किडकी बोंडं तेवढी वेगळी काढून नष्ट करा.

बरं, आता खालचं रान. इथं तुम्ही उलट्या बाजूनं अडकलाय. एकरी ३० क्विंटल मका निघाला तर दाण्यातून जातं साधारण ९ किलो फॉस्फरस, म्हणजे २०-२१ किलो पी-टू-ओ-फाइव्ह, चारा धरला तर थोडं अजून. तुम्ही टाकता दोन बॅग डीएपी, म्हणजे ४६ किलो. दरवर्षी निम्म्याच्या आसपास जमिनीत शिल्लक, वर्षानुवर्षं, म्हणून आकडा ३८ वर गेला. मक्याची विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ६० किलो स्फुरद, म्हणजे एकरी २४ किलो. 'अत्यंत जास्त' असेल तर निम्मं द्यायचं, म्हणजे १२ किलो, म्हणजे अर्धी बॅग डीएपी. ती पण पेरताना बियाजवळ पट्ट्यात, कारण थंडीत सुरुवातीच्या कोवळ्या मुळांना तेवढा आधार लागतो. दोन एकरात तीन बॅगा वाचल्या, चार हजार रुपये. फक्त डीएपीबरोबर जाणारं नत्र कमी झालं ते विसरू नका, एकरी ३० किलो युरिया जास्तीचा धरा, नाहीतर मका पिवळा पडेल आणि आप्पा म्हणतील बघ, डीएपी कमी केलं म्हणून झालं.

मग जांभळा का पडतो? तुमच्या रानात स्फुरद आहे, पण डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्रीचा पारा १० च्या खाली जातो, माती गार पडते, मूळ सुस्त होतं आणि स्फुरदाचं मुळाकडे सरकणं अजून मंदावतं. पानात साखर साठते आणि जांभळा रंग चढतो. काही वाणांना तर हा रंग नुसत्या थंडीनं येतो. ओळखायचं कसं? संक्रांतीनंतर ऊन तापायला लागलं की नवीन पोंग्यातून येणारं पान हिरवं येतंय का बघा. हिरवं आलं तर काहीही सोडू नका, जुनी जांभळी पानं तशीच राहिली तरी पिकाचं काही बिघडत नाही. पुढच्या वर्षी पेरणी पंधरा दिवस आधी जमली तर थंडी सुरू व्हायच्या आत मूळ खोल गेलेलं असेल. थंडीत पाणी पण हात राखून द्या, सारखं भिजलेलं रान अजून गार राहतं आणि मुळाला हवा मिळत नाही.

खरी काळजी जस्ताची आहे. जस्ताची मर्यादा ०.६ पीपीएम धरतात, तुमचं ०.४. आणि जमिनीत स्फुरद जितकं जास्त तितकी झाडाला जस्ताची टंचाई जास्त जाणवते, म्हणजे तुम्ही डीएपीला पैसे घालून जस्ताचा प्रश्न वाढवत होतात. मक्याच्या वरच्या कोवळ्या पानावर, मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना, बुडाकडच्या अर्ध्या भागात पांढरट पट्टे दिसतात का बघा, कडा आणि मधली शीर हिरवी राहते. ते जस्त. पेरणीआधी एकरी ८ ते १० किलो झिंक सल्फेट शेणखतात मिसळून टाका, दोन-तीन वर्षांतून एकदा पुरतं. डीएपीत किंवा सुपरमध्ये मिसळून कधीच टाकू नका, दोघं एकमेकांना धरतात आणि पिकाला ना हे मिळतं ना ते. उभ्या पिकात पट्टे दिसले तर १०० लिटर पाण्याला ५०० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५० ग्रॅम विरलेला चुना, निवळी गाळून, संध्याकाळी फवारा. चुना नाही टाकला तर पानं करपतात.

१२:६१ वाईट खत नाही, पण स्फुरद ३८ असलेल्या रानात ते ठिबकनं सोडणं म्हणजे भरलेल्या रानात अजून भरणं. आणि तुमच्या विहिरीचं पाणी जड असेल, भांड्याला पांढरा थर धरत असेल, तर ठिबकमध्ये स्फुरद आणि पाण्यातलं कॅल्शियम मिळून साका बसतो, ड्रिपर बुजतात. कधी सोडायची वेळ आलीच तर कॅल्शियम नायट्रेटबरोबर एका टाकीत तर अजिबात नको.

याच जांभळ्या-लाल गोंधळात कपाशीचा लाल्या, म्हणजे पानं लाल पडणं, पण लोक स्फुरदाच्या खात्यात टाकतात. लाल्या बहुतेक वेळा बोंडं भरायच्या वेळी नत्र आणि मॅग्नेशियम कमी पडल्यानं, पाण्याचा ताण बसल्यानं आणि रात्री गार पडल्यानं येतो. त्याला डीएपी बुडाशी टाकून काही होत नाही. बोंडं लागताना २ टक्के डीएपीची फवारणी करतात त्याचा आधार मिळतो थोडा, पण २०० लिटर पाण्यातून एकरी ४ किलो डीएपी म्हणजे दोन किलोही स्फुरद जात नाही, तेव्हा जमिनीतल्या खताची जागा ती घेऊ शकत नाही. मॅग्नेशियम सल्फेटची फवारणी बोंडं लागायच्या वेळेत घेतली तर जास्त उपयोग.

त्या बाटलीचं. खताबरोबर दुसरा माल जबरदस्तीनं देणं नियमात बसत नाही. बिलावर दोन्ही वस्तू आल्या असतील तर बिल जपून ठेवा आणि पंचायत समितीत कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. एकट्या जाऊ नका, लाईनीत तुमच्याबरोबर ज्या चार-पाच जणी होत्या त्यांना घेऊन जा, एकटीचं ऐकत नाहीत पण पाच बिलं समोर ठेवली की ऐकावं लागतं.

आता आप्पा. ताई, आप्पा खोटं बोलत नाहीत. त्यांनी ज्या काळात डीएपी टाकायला सुरुवात केली तेव्हा रानात स्फुरद खरंच कमी होतं आणि डीएपीनं कपाशी डोळ्यासमोर उचललेली त्यांनी पाहिलीय. त्यांचा अनुभव खरा आहे, फक्त खालच्या रानाची परिस्थिती आता बदललीय. म्हणून वाद घालू नका, रानालाच बोलू द्या. खालच्या रानात मधल्या आठ ओळी आप्पांच्या पद्धतीनं, दोन बॅगांच्या हिशोबानं, आणि शेजारच्या आठ ओळी अर्ध्या बॅगेनं, बाकी पाणी, नत्र, औषध सगळं सारखं. कडेच्या ओळी घेऊ नका. कणसं वेगळी मोडा, वेगळी मळणी करा आणि आप्पांच्याच हातानं वजन करा. वरच्या रानात पण तसंच, चार ओळींत खत वरून आणि चार ओळींत चार इंच खाली, वेचणी वेगळ्या गाठोड्यात. एक वर्ष कमी-जास्त होऊ शकतं पावसामुळं, दोन वर्षं करा.

जमलं तर खालच्या रानात मक्यावर मका न घेता तिसऱ्या वर्षी हरभरा घ्या. हरभऱ्याच्या मुळातून आम्ल पाझरतं आणि चुनखडीत घट्ट झालेलं स्फुरद ते स्वतःच थोडं मोकळं करून घेतं, साठलेला माल वापरायला याच्यासारखं पीक नाही. वरच्या रानात कपाशीत तुरीच्या ओळी टाकत असाल तर सोडू नका. ऊस-कपाशी-मका या सगळ्यांच्या मुळांना एक उपकारी बुरशीही लागलेली असते, मायकोरायझा म्हणतात तिला, ती केसापेक्षा बारीक धाग्यांनी मूळ पोचत नाही तिथलं स्फुरद आणून देते, आणि स्फुरद भरमसाठ टाकलं की झाड तिला थाराच देत नाही. तुमच्या खालच्या रानात डीएपी कमी करण्याचं हे अजून एक कारण.

पुढचा नमुना आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जायच्या आधी काढून ठेवा, तेव्हा रान मोकळं असतं आणि शेणखत पडलेलं नसतं. दर रानात नागमोडी चालत आठ-दहा जागा, इंग्रजी व्ही सारखा खड्डा, वीतभर खोल, कडेची एक पातळ चकती. बांध, झाडाची सावली, उकिरड्याची जागा आणि मागच्या वर्षी खत पेरलेली ओळ सोडून. जस्त पण तपासायचंय म्हणून पत्र्याची बादली घेऊ नका, तिच्या मुलाम्यात जस्त असतं, प्लास्टिकचं घमेलं घ्या, आणि खताच्या रिकाम्या गोणीवर माती पसरू नका. चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत टाकत अर्धा किलो ठेवा, सावलीत वाळवा, चिठ्ठीवर रानाचं नाव, गट नंबर, आधी कुठलं पीक होतं आणि पुढं काय घेणार ते लिहा. पाल किंवा ममुराबादचं कृषी विज्ञान केंद्र, धुळ्याचं कृषी महाविद्यालय, जे जवळ पडेल तिथं द्या आणि देतानाच सांगा, ऑल्सेन पद्धतीनं स्फुरद, मुक्त चुनखडी आणि जस्त तिन्ही हवंय.

रिपोर्ट आला की दोन्ही वर्षांचे आकडे शेजारी शेजारी लिहून पाठवा, ओळींची वजनं पण पाठवा, वरच्या रानाची मात्रा त्यावरून ठरवू.